बिळापासून पन्नास पावलं

बारामती,
२ मार्च २०२४

ति. दादास,

मनीचा नमस्कार आणि नमस्काराच्या पाठोपाठ एक तक्रार.

महिनाभरात मी तुला अकरा वेळा फोन केला. तू उचलतोस, "हां, हां, बरं हाय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. घराला आग लागली का असं विचारलं असतं, तरी तू "बरं हाय"च म्हणाला असतास. लासुर्ण्याला रेंज नसते हे तुझं म्हणणं मी मान्य करते. फक्त त्याच लासुर्ण्यातून तुझा पुतण्या दीपक मला म्हशीच्या रेडकाचा अर्धा तास व्हिडिओ कसा दाखवतो, एवढं कोडं सुटत नाही. म्हणून हे पत्र. त्याच्याच दुधाच्या टेम्पोतून पाठवते आहे. टपालापेक्षा दूध लवकर पोचतं, नासायच्या भीतीने.

आता मुद्दा. भाऊबीजेला मी तुला आमच्या शाळेच्या वृक्षारोपणाचं सांगितलं होतं. तुमच्या गायरानाचा माळ, हजार खड्डे, हजार रोपं. तू अनारसा खात तीन वेळा मान हलवलीस. पंचायतीची अट होती, की तिथे जनावरं चारणाऱ्यांची हरकत नसल्याचा कागद द्या. गावात मेंढरांचा कळप उरला तो तुझा एकट्याचा. मी सभेत छाती पुढे काढून म्हणाले, "चारणारा माझा सख्खा भाऊ आहे, त्याचा होकार आहे," आणि कागदावर सही ठोकली.

मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा, १० मे. यंत्राने खड्डे घ्यायचे, पावसाळ्यात रोपं लावायची. ओसाड माळ हिरवा होईल. समारंभासाठी मी संस्कृतात स्तवन रचते आहे. मुख्याध्यापकांना त्यात स्वतःचं नाव हवं आहे आणि ते कुठल्याच वृत्तात बसत नाही. माणूसही कुठे बसत नाही, सारखा फिरत असतो.

तुझं काम एवढंच, की यंत्रवाला येईल त्याला माळ दाखवायचा. वहिनींना नमस्कार.

तुझी,
मनीषा

*

लासुर्णे,
९ मार्च

मने, आशीर्वाद.

पत्र मिळालं. खड्डं नको.

माळ वसाड न्हाय. गवत हाय. आता वाळलंय म्हणून मेलंय असं न्हवं. खाली समदा मुरूम हाय, झाडं जगायची न्हाईत. पाणी कोण घालणार? हितं टँकर मानसालाच पुरंना.

भाऊबीजंला मी कवा व्हय म्हनलो? मला आठवत न्हाय. पुढच्या साली बघू.

अनारसं चांगलं झालं व्हतं.

हिंदुराव

*

बारामती,
१७ मार्च

ति. दादास,

तुझं पत्र मी आमच्या न्यायशास्त्राच्या पद्धतीने तपासलं. मुरूम आहे, हे खरं. पण कडुनिंबाला मुरूम चालतो. पाण्याचा टँकर शाळा देणार आहे. "आठवत नाही" हा पुरावा नव्हे. आमच्या संस्कृतात नुसत्या मौनालाही संमती म्हणतात, तुझी तर मान हलली होती. साक्षीदार दोन, वहिनी आणि दीपक. अनारसाही होता, पण तो तू संपवलास.

मग उरतं काय? मला वाटतं, उरतात तुझी चाळीस मेंढरं. रोपं लावली की दोन-तीन वर्षं तिथे चराई बंद, हे तुला नको आहे. तसं असेल तर सरळ लिही. मी रागावणार नाही. फक्त सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरेन.

दादा, थट्टा पुरे. तू मला आजवर कशालाच नाही म्हणाला नाहीस. मी सातवीत असताना संस्कृत शिकायचं म्हटलं, तेव्हा अख्ख्या वाड्यात हशा पिकला होता, की मेंढरांना श्लोक म्हणून दाखवणार काय ही? तू तेवढा हसला नाहीस. मग आता हा नकार कसला? कारण लिही. कारणाशिवायचा नकार मला तुझ्या हातचा वाटत नाही.

मनी

*

लासुर्णे,
३० मार्च

मने, आशीर्वाद.

लिवू का नको म्हणून इतके दिस गेलं.

माळाच्या उगवतीला दगडांचा ढीग हाय बघ, तू ल्हान असताना तितं इंचू चावला व्हता. त्या ढिगाच्या पलीकडं खोकडाचं बीळ हाय. कोल्हा न्हवं गं, खोकड. मांजरापरास थोडं मोठं, राखी, आन शेपटीचं टोक काळं, जणू दौतीत बुडवलंय. बिळाला चार तोंडं हायती. तीन पिल्लं हायती.

नर आन मादी दोगं बी पोसत्यात. नर उंदीर आणतो, मादी वाळवी चाटती, बोरं खाती. नर उंदीर आणून ठिवतो आन बाजूला सरतो. मादी पिल्लांना देती. मग दोगं लांब बसून बघत्यात, कोण कुनाचं वढतंय ते.

मी रोज दिस कलताना जातो. बिळापासून पन्नास पावलं सोडून बसतो. पयल्यांदा शंबर पावलांवर बसायचो, तरी बिळात जायची. मग रोज पाऊल पाऊल म्होरं सरकलो. दोन म्हयनं लागलं. आता मी शिंकलो तरी मादी एक डोळा उघडती, माज्याकडं बगती आन परत मिटती. तुज्या वहिनीगत, ठमीगत.

त्यांच्यात बरं वाटतं. काय इचारायचं न्हाय, काय सांगायचं न्हाय. काय चाललंय ते समदं बघून कळतं.

तुजं यंत्र हजार खड्डं मारणार, तवा बीळ ऱ्हायचं न्हाय. राहिलं तरी ती ऱ्हायची न्हाईत. पिल्लं अजून धडपडत्यात.

गावात कुनाला बोललो न्हाय. बोललो की बघायला येत्यात आन संगं कुत्री आणत्यात. ठमीला ठावं हाय. आता तुला.

हिंदुराव

*

बारामती,
११ एप्रिल

ति. दादास,

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझ्या भावाला एवढी वाक्यं येतात हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळतंय. पंचवीस वर्षं मी पोरांना गोष्टी शिकवते आहे, आणि त्यात कोल्हा आला की फळ्यावर 'लबाड' असं लिहिते. उंदीर आणून ठेवून बाजूला सरणारा बाप माझ्या एकाही गोष्टीत नाही.

चराईचं बोलले ते परत घेते. नातेवाइकांत अजून सांगितलं नव्हतं, नशीब तुझं.

आज मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एका कोल्ह्यासाठी हजार झाडं अडवता, बाई?" मी म्हटलं, कोल्हा नाही, खोकड. म्हणाले, "तेच ते." मग त्यांनी उदार होऊन तोडगा काढला. बिळाभोवती पाच हात जागा सोडू आणि तिथे 'प्राणिमित्र शाळा' असा फलक लावू. खोकडांना वाचता आलं असतं तर ती फलक बघूनच पळाली असती.

माझं तिथे कोण ऐकणार? मी पुस्तकातली. माळ तुझा आहे, बघितलंयस तू. म्हणून असं ठरवलं आहे: रविवारी, २१ तारखेला, शाळेत समितीची बैठक आहे. तू ये. सकाळची एसटी धर, मी स्टँडवर उभी राहते. मला लिहिलंस तसंच त्यांना सांग. ते प्रश्न विचारतील, तू उत्तरं दे. दहा मिनिटांचं काम. तुझ्या तोंडून ऐकल्यावर कुणाची छाती होणार नाही खड्डे मारायची.

येतोस ना? लिहू नकोस, येच.

मनी

*

बारामती,
२२ एप्रिल

दादा,

काल स्टँडवर मी तीन गाड्या बघितल्या. मग बैठकीत तुझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर मुख्याध्यापकांनी आपली पिशवी ठेवली.

ठराव झाला. १० तारखेला यंत्र येईल.

मला वाटलं होतं, तुझ्यासाठी हे महत्त्वाचं आहे. माझं चुकलं असेल. आता निवडणुकीच्या ड्यूटीचं प्रशिक्षण सुरू होतंय, मतदान होईपर्यंत मला वेळ नाही.

मनीषा

*

लासुर्णे,
१ मे

वन्संना ठमाबाईचा नमस्कार.

ह्ये पत्र मी सांगतीय आन दीपक लिवतोय. ह्यांना ठावं न्हाय. ठावं झालं तर मला जित्ती ठिवायचं न्हाईत, पर मेल्यागत गप तरी किती बसू.

वन्सं, तुमी त्यांच्यावर रुसू नका. एकवीस तारखंला त्यांनी धुतलेलं धोतार नेसलं, नवी टोपी घातली, फाट्यापतूर गेलं. गाडी आली. गाडी गेली. परत आलं आन टोपी खुट्टीला टांगून बसलं. मी म्हनलं, का वं? तर म्हनलं, "तितं चार मानसं चार कडनं बोलणार. मी कुनाकडं बघू?"

वन्सं, त्यांना आयकू येत न्हाय. दोन वरसं झाली. आदी डावा कान गेला, मग उजवा. आता जवळ जाऊन तोंडापशी बोललं तर थोडं वळखत्यात, ते बी माजंच. रेंज-बिंज काय न्हाय वं. फोन उचलत्यात, "बरं हाय" म्हनत्यात आन ठिवत्यात. लगनाला जात न्हाईत, पारावर बसत न्हाईत. कुनी काय इचारलं की मान हलवत्यात. भाऊबीजंला बी तसंच झालं. तुमी बोलत व्हता, त्यांनी मान हलवली. तुमचा शबुद बी आयकला न्हवता. मला शपत घातली व्हती, मनीला सांगू नको, तिला वाईट वाटंल.

(आत्या, मी दीपक. मलाबी आज कळलं. काकू रडत न्हाईत, पण आवाज मोठा केलाय.)

आता म्होरचं आयका. ठरावाचं कळल्यापासून त्यांनी मेंढरं माळावर बसवल्यात. तुमाला ठावं हाय, आपली मेंढरं बसत्यात ती कुनाच्या तरी रानात. रानाला खत मिळतं, मालक आपल्याला ज्वारी देतो, गूळ देतो. ह्यांनी बिळाच्या म्होरं वाघर ठोकली, जाळी आवळली आन गायरानाच्या मुरमावर बसवली समदी. पन्नास पावलं सोडून. गाव हसतंय. "हिंदुराव दगडाला खत घालतोय!" ह्यांचं म्हननं, "बसलेल्या मेंढरातनं आजपतूर कुनी यंत्र घातलं न्हाय."

ते बी सोसलं असतं. पर आपलं कुत्रं, सायेब, त्याला दीपकच्या गोठ्यात बांधलंय, खोकडांना भ्या वाटू नये म्हणून. बिनकुत्र्याची मेंढरं आन राखणारा बहिरा! परवा उजाडताना मी भाकरी घिऊन गेले. लांबूनच मेंढरांचा कालवा आयकू आला, सगळी जाळीला भिडून वरडत व्हती. लांडग्यानं कोकरू उचललं व्हतं. आन ह्ये दहा हातांवर पाठ करून बसल्यात, बिळाकडं बघत, निवांत. मी खांद्याला हात लावला तवा वळून बघितलं.

कोकरू गेल्याचं न्हाय लागलं त्यांना. म्हनलं, "ठमे, ती किती येळ वरडत व्हती गं?"

तरी वाघर काडली न्हाय. धा तारकेपतूर बसणार म्हनत्यात. आता म्या बसती संगं, माज्या कानांनी. पर माजं वय काय, मी झोपले तर? तुमी कायतरी करा. आन मी सांगितलं म्हणू नका.

ठमाबाई
(लिहिणार दीपक. आत्या, काकूंनी 'म्हणू नका' तीनदा सांगितलंय.)

*

बारामती,
८ मे

ति. दादास,

काल मतदान संपलं. रात्री उशिरा पेट्या जमा करून घरी आले, आज दुपारपर्यंत झोपले आणि उठल्याबरोबर हे लिहायला बसले आहे. ड्यूटी म्हणजे तापल्या खोलीत दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावणं. चांगलं काम आहे, विचार करायला वेळ मिळतो.

मागचं माझं पत्र फाडून टाक. आधीच फाडलं असशील तर बरं केलंस.

४ तारखेला मी प्रशिक्षणातून सुटी मागून शाळेत गेले आणि समितीला सांगितलं, की हरकत नसल्याच्या कागदावरची माझी सही मी परत घेते. माझ्या भावाने होकार दिला नव्हता. मी त्याची मान बघितली आणि बाकीचं स्वतःच बोलले. मला बोलायची सवय आहे, हे तिथे सगळ्यांना पटलं. सही गेली की पंचायतीची परवानगी जाते. माळ तसाच राहील.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मग खड्ड्यांचं काय करायचं?" मी म्हटलं, "त्यातला एक माझ्यासाठी राखून ठेवा." कुणी हसलं नाही. तीनशे रोपं सांगवी आणि वडगाव निंबाळकरच्या शाळांना जातील, उरलेल्यांचं बघतील. मला समितीतून कमी केलं. स्तवनही रद्द झालं. वृत्ताचा प्रश्न आपोआप सुटला.

माळाला मी 'ओसाड' म्हणाले होते. तू एका ओळीत दुरुस्त केलं होतंस, मी उत्तरपत्रिका न वाचताच गुण दिले.

यंत्र येणार नाही. वाघर उचल आणि मेंढरं घरी ने. सायबाला मात्र अजून थोडे दिवस बांधलेलाच राहू दे.

अक्षय्य तृतीयेला मी येते, एकटी. पुरणपोळी नको. मला ती बघायची आहेत. कुठे बसायचं ते तू दाखव, मी तिथेच बसेन. आणि यापुढे मी फोन करणार नाही. लिहीन. मला लिहायला आवडतं, आणि तुझी पत्रं मिळाल्याशिवाय आता चैन पडत नाही.

मनी

*

लासुर्णे,
१९ मे

मने, आशीर्वाद.

तू गेल्यावर चार दिस माळावर गेलो न्हाय. मेंढरं बसलेल्या जागी लेंड्या पडल्यात, तितं मादी किडं उकरती. म्हंजी दगडाला खत घातलं त्याचा कुनाला तरी उपेग झाला. गावाला सांगितलं. हसलं, पर ह्या येळी मीबी हसलो.

"वाघर उचल" असं तू लिवलंस तवाच वळखलं, ठमीनं कळवलंय. तिला इचारलं तर म्हनली, दीपकनं लिवलं, मी न्हाय. तिला काय बोललो न्हाय. बोललो असतो तर ती उलट बोलली असती आन ते मला आयकू आलं नसतं, तिचंच फावलं असतं.

तू आलीस त्या दिशी आपण माळावर बसलो व्हतो. दिस बुडायला आला व्हता. तुजा हात माज्या खांद्यावर पडला. मी वळलो तर तुजं तोंड हलत व्हतं. दोन वरसं मी असं कुनाचं तोंड हलताना बघितलं की मान हलवतो. त्या दिशी मान हललीच न्हाय. तूच कागदावर सांगितलं व्हतंस, मानंवरनं काय झालं ते. म्हणून म्हनलो, "मने, मला आयकू येत न्हाय." तू दचकली न्हाईस. डोळं पुसलं न्हाईस. बरं केलंस.

मी मोठ्यानं बोललो असणार, मला अदमास न्हाय. पर पिल्लं बिळात गेली न्हाईत. बघितलंस?

मग पारावर गेलो. तितं बी सांगितलं. म्हनलं, मला आयकू येत न्हाय, म्होरं येऊन बोला. दोगं हसलं. बाकीची म्होरं येऊन बोलली. इतकी म्होरं आली की तंबाकूचा वास आला.

कानाच्या डाक्टरकडं चल म्हणून तू चिट्टी ठिवून गेलीस. येईन. पिल्लं मोठी झाली की येईन. आता ती आईसंगं लांब जायला लागल्यात.

येक इचारायचं राहिलं. त्या येळी तू काय म्हनाली व्हतीस? लिहून पाठव.

दादा

*

बारामती,
२१ मे

ति. दादास,

दीपक दारात टेम्पो चालू ठेवून उभा आहे, म्हणून थोडक्यात.

सगळ्यांत लहान पिल्लू आईच्या शेपटीचं काळं टोक पकडायला गेलं आणि कोलांटी खाऊन पडलं. मी म्हणाले होते, "दादा, ते बघ."

तू आधीच बघत होतास.

मनी